नेम सोडून बाकी सगळं

मी एअर पिस्तूलचं शूटिंग करतो हे कळलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "लायसन आहे का बे?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग काय काय मारलास आजपर्यंत?" आता मारलेत ते सगळे कागद, वीतभर पांढरं कार्ड आणि त्याच्या मधोमध काळा गोल. लायसन्सचं म्हणाल तर ४.५ मिमीची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असली तर एअरगनला ते लागत नाही. पण हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणजे खोटीच आहे म्हणा की असं काहीतरी पुटपुटतो. नान्नजच्या माळावर काळवीट दिसतात तिथं जातोस का असंही एकानं विचारलं होतं, त्याला सांगितलं की बाबा १९७२ चा कायदा आहे, मी काळवीट फक्त दुर्बिणीतून बघतो.

खरी गोष्ट अशी की या शौकात गोळी सुटायचा भाग डोळ्याची पापणी लवते तेवढाच. बाकी सगळा वेळ उभं राहण्यात जातो. दहा मीटर पिस्तूलला एकच हात लावायचा असतो, मनगटाला टेकू नाही, दुसरा हात खिशात नाहीतर पट्ट्यात खोचलेला. पिस्तूल दीड किलोच्या आतच असतं, पण हात सरळ करून दीड किलो साखरेची पिशवी धरून बघा, थोड्या वेळात खांदा काय म्हणतो ते. आणि हात हलतोच. नव्याला वाटतं आपलाच हलतो, पण सगळ्यांचा हलतो, हलत्या हातानंच चाप हळूहळू मागं घ्यायचा असतो. ज्याला हलणं थांबल्यावर मारू असं वाटतं तो झटका देतो आणि पेलेट, म्हणजे एअरगनची बारकी गोळी, मधला दहा गुणांचा ठिपका सोडून सात नाहीतर सहा गुणांच्या कड्यात जाऊन बसतं. डोळ्याची तर वेगळीच गंमत, बघायचं पुढच्या माशीकडं, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडं, काळा गोल धूसर दिसला पाहिजे. अख्खं आयुष्य आपण जिथं मारायचं तिथंच बघत आलेलो असतो, त्यामुळं हे अंगात मुरायला फार वेळ लागतो.

माझी चुलत बहीण रायफलवाली. तिचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेन टेकवून उचललं की उमटतो तेवढा, आणि माझा दहा साडेअकरा मिमीचा, यावरून ती मला वर्षभर चिडवते. पण मे महिन्यात मी टीशर्टवर असतो आणि ती कॅनव्हास-चामड्याच्या जाकिटात. ते जाकीट इतकं कडक की काढून ठेवलं तरी ताठ बसून राहतं. बाहेर पारा बेचाळीसच्या वर, आत लेनवरचे पंखे बंद कारण कार्ड फडफडतात, आणि ही बया पाऊण-एक तास तशीच उभी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं ना, तेव्हा ओळखीतल्या लई पालकांचे फोन आले, पोराला घालायचंय म्हणून. त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह जाकीट आणि रायफलची किंमत ऐकेपर्यंत टिकला.

खरी, म्हणजे लायसन्सवाली बंदूक आमच्या घराण्यात एकच, मोहोळकडच्या मोठ्या काकांची बारा बोर, म्हणजे छऱ्यांची बंदूक. ती पिकाच्या राखणीला म्हणून घेतली होती. पण माझ्या आठवणीत ती उसात कमी आणि फाईलमध्ये जास्त फिरलीय. लायसन्स रिन्यू करा, आधी तीन वर्षांनी होतं ते २०१९ च्या बदलानंतर पाच वर्षांनी झालं, तेवढाच दिलासा. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि निरोप आला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, पावती जपून ठेवा, निकाल लागला की परत आणायला जा. काकू म्हणते बंदूक माहेरी गेली. परत आली की काकांचा कार्यक्रम ठरलेला, ओसरीवर पोतं पसरायचं, काडतूस नाही ना हे दोनदा बघायचं, मग रॉडला चिंधी लावून नळी पुसत बसायचं. आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा, म्हणून मी एकदा नवा टॉवेल पुढं केला तर म्हणाले, "ठेव ते. त्याचे दोरे नळीत सुटतात. जुन्या धोतराचं फडकं आण." तेव्हापासून माझ्या किटमध्येपण मऊ सुती फडकंच असतं.

गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, मात्र मी हरतो असं मित्रांना वाटतं. जानेवारीत होम मैदानावर फुग्यांचा स्टॉल दिसला की मला ढकलतात, आता दाखव बे. त्या बंदुकीची माशी कुठं, नळी कुठं, स्प्रिंग ढिली. तिथं नियमाचं शूटिंग काही उपयोगाचं नाही. पहिली गोळी जाते कुठं ते बघायचं आणि पुढच्या वेळी तेवढंच उलट्या बाजूला धरायचं, फुग्याकडं बघायचंच नाही. स्टॉलवाला पोरगा हे ओळखतो. तिसरा फुगा फुटला की हळूच दुसरी बंदूक हातात देतो.

कुणी विचारलं कुठली घेऊ, तर मी म्हणतो आधी घेऊच नका. क्लबचं पिस्तूल वापरा, पैसे असतील तर सपाट तळव्याचे बूट घ्या. घरी रोज पांढऱ्या भिंतीसमोर पाण्याची बाटली एका हातानं धरून उभं राहा. आणि स्प्रिंगची एअरगन घरात पडलेली असेल तर ती रिकामी उडवत बसू नका, समोर पेलेट नसलं की पिस्टन आदळून आतनं खराब होतो. पेलेट शिशाचं असतं, सराव झाला की साबणानं हात धुतल्याशिवाय शेंगापोळीला हात लावायचा नाही. एवढं सगळं ऐकूनही एखादा परत विचारतो, "पण कुठली घेऊ?" त्याला मी क्लबचा पत्ता देतो.