कामशेतहून विद्यापीठ, शिवाजीनगरला उतरून

भाचीला पुणे विद्यापीठात एमएस्सीला ॲडमिशन मिळाली, कागद जमा करायला जायचं होतं, ताई म्हणाली दादा पहिल्या दिवशी तूच जा तिच्याबरोबर. मागच्या आठवड्यात जाऊन आलो. मावळातनं बरीच पोरं दरवर्षी असं पहिल्यांदा जातात, घरात सांगणारं कुणी नसतं, म्हणून सगळं नीट लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पुणे स्टेशनला जाऊ नका, शिवाजीनगरला उतरा. घरातली मोठी माणसं सवयीनं सांगतात पुणे स्टेशनला उतर आणि बस पकड, पण तिथनं तुम्ही आलात तेवढंच परत उलटं येता, आणि ते पण ट्रॅफिकमधनं. दापोडी सुटलं की मुळेचा पूल लागतो, मग खडकी, आणि त्याच्या पुढचंच शिवाजीनगर. पूल आला की बॅग काढून दाराकडे सरकायचं, कारण सकाळच्या लोकलला दारात एवढी गर्दी असते की ऐनवेळी उठलात तर उतरता येत नाही. खडकीच्या बाजूनं पण विद्यापीठ जवळ आहे, पण तिथनं बस-रिक्षाचं शिवाजीनगरइतकं सोपं नाही, नवीन माणसानं शिवाजीनगरच धरावं.

आम्ही सकाळची लोकल धरली, तासाभरात पोचलो. तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवता येत नाही, त्याच दिवशी मोबाईलवर काढायचं, आणि ते फलाटावर जायच्या आधी बाहेरच काढा, रुळांच्या अगदी जवळ ॲप तिकीट देत नाही, मग खिडकीच्या लायनीत उभं राहावं लागतं आणि गाडी डोळ्यांदेखत जाते.

चिंचवड आलं तेव्हा भाचीला सांगितलं, चापेकर बंधू इथले, आणि आपण ज्या रस्त्यानं विद्यापीठात जाणार त्याच गणेशखिंड रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री त्यांनी प्लेगच्या कामावरचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. प्लेगच्या वेळचा जाच, आणि त्या रात्री गव्हर्नरच्या बंगल्यावर राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता, तिथनं रँड परत येत होता. तो बंगला म्हणजेच आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. ती खिडकीतनं बघत गप्प बसली आणि मग म्हणाली, मामा, म्हणजे मी तिथे शिकणार? मला फार बरं वाटलं.

शिवाजीनगरला बाहेर पडलं की रिक्षावाले लगेच विचारतात. अंतर तीनेक किलोमीटर आहे, मीटरनं यायला तयार असेल तरच बसा, आम्हाला पहिल्यानं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही सरळ बसस्टॉपकडे गेलो. औंध, बाणेर, पाषाण यातल्या कुठल्याही बाजूला जाणारी बस विद्यापीठ चौकातनं जाते का एवढं कंडक्टरला विचारायचं आणि बसायचं. एसटीनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शिवाजीनगरचा जुना स्टँड मेट्रोच्या कामात वाकडेवाडीला हलवला, त्यामुळे स्टेशनसमोर उतरू असं धरून निघू नका. स्वारगेटकडनं येणाऱ्यांना मात्र आता शिवाजीनगरपर्यंत मेट्रो आहे, ती झकास.

चौकात वेळ धरून चाला. तिथला जुना पूल २०२० मध्ये पाडला, मग नवीन पूल आणि वरनं हिंजवडीच्या मेट्रोचं काम, त्यामुळे रस्ता ओलांडायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जातो. पोराबाळांचा हात धरा.

आणि गेट आलं म्हणजे पोचलो असं नाही! ही गोष्ट कुणीच सांगत नाही. आवार ४०० एकरांच्या वर आहे. गेटपासनं मुख्य इमारतच दहा-पंधरा मिनिटं चालत, आणि तुमचा विभाग तिच्याही पुढे असू शकतो. विभागाचं नाव आणि कुठल्या इमारतीत आहे ते आधी फोन करून विचारून घ्या. चांगले बूट घाला, पावसाळ्यात छत्री हवीच, रस्ता मात्र सुंदर आहे, दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, वडाच्या पारंब्या, शहराचा आवाज दोन मिनिटांत मागे पडतो. मुख्य इमारतीजवळ सावित्रीबाईंचा पुतळा आहे, तिथे आम्ही थांबलो. २०१४ पासनं विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे, आणि आमच्या घरातली एमएस्सीला जाणारी ही पहिली मुलगी.

आमचं काम अडलं ते पासपोर्ट फोटोवरनं. झेरॉक्स भरपूर होत्या, फोटो घरी राहिले, मग परत चौकाच्या बाहेर जाऊन काढून आणले, त्यात तास गेला. फोटो, ओरिजिनल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि पेन, एवढं एका फाईलीत घालूनच निघा.

वेळ उरला तर आवारातलीच आयुकाची इमारत बाहेरनं तरी बघा, नारळीकर सरांनी १९८८ मध्ये सुरू केलेली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, चार्ल्स कोरियांनी रचलेली. आत असंच जाता येत नाही पण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांना खुली असते, तेव्हा लहान मुलांना घेऊन जा.

परतीचं आधीच ठरवून ठेवा. दुपारी लोणावळ्याकडच्या लोकल विरळ असतात, एक चुकली की फलाटावर बसून राहावं लागतं. काही लोकल शिवाजीनगरहूनच सुटतात, त्यांना जागा मिळते, टाइमटेबल बघून तीच पकडा. रोज जाणार असाल तर विभागाकडनं सवलतीच्या पासाच्या फॉर्मवर सही-शिक्का पहिल्याच आठवड्यात घ्या, आमच्या भाचीनं त्याच दिवशी विचारून घेतलं आणि सोमवारपासनं ती एकटी जाणार आहे.