पानी काळं व्हतं

२६ फेब्रुवारी २०२४, सोमवार. पहिला तास सुरू व्हायला वीस मिनिटं होती. ऑफिसमधून फोन आला की एका मुलाची आजी आली आहे, वेळ ठरवलेली नाही, पण थांबायची तयारी आहे. मी खाली गेले तर ती खुर्च्या रिकाम्या असूनही भिंतीला टेकून उभी होती. हातात तपकिरी कागदी पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारे घडी केलेले दोन कागद. कागद मी लगेच ओळखले. त्यांच्यावरची लाल शाई माझी होती.

आमची शाळा वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या लोगन जिल्ह्यात आहे. ॲपलाचियन डोंगरांतला हा कोळशाचा मुलूख. मला शिकवायला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. विषय राज्याचा इतिहास, वर्ग आठवीचे. इथे आठवीतल्या प्रत्येक मुलाला आपल्या राज्याचा इतिहास शिकावा लागतो, आणि त्यावर १९३१ पासून 'गोल्डन हॉर्सशू' नावाची परीक्षा होते. प्रत्येक जिल्ह्यातून निदान दोन मुलं निवडली जातात. राजधानी चार्ल्सटनला ती गुडघ्यावर बसतात आणि त्यांच्या खांद्याला तलवार टेकवून त्यांना मान देतात. ज्या मुलाची आजी आली होती, तो या परीक्षेसाठी जीव तोडून वाचणारा मुलगा. वर्गात हात कधी वर करायचा नाही, पण लिहायला सांगितलं की पान भरायचा.

मी इथलीच आहे. माझा जन्म बेकलीचा. शाळेपासून डोंगर ओलांडून तास-सव्वा तासाची वाट. बाबा पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून शिकून आलेले छातीचे डॉक्टर. खाणींच्या या जिल्ह्यांत यायला अमेरिकेतले डॉक्टर तयार नसत, म्हणून भारत, पाकिस्तान, फिलिपिन्समधून आलेल्या डॉक्टरांनी इथले दवाखाने चालवले. बाबांचे बहुतेक पेशंट खाण कामगार. वर्षानुवर्षं कोळशाची धूळ छातीत गेलेले. त्या आजाराला इथे सरळ 'काळं फुफ्फुस' म्हणतात.

दोन डोंगरांमधली चिंचोळी घळ, तळाशी ओढा, ओढ्याला धरून एकच रस्ता आणि रस्त्याला धरून घरं, याला इथे 'होलर' म्हणतात. मीही तसंच म्हणायचे. राज्याबाहेरच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि टेबलावरची पाच-सहा मुलं हसली. एकीने मला तो पुन्हा म्हणायला लावला, दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायला. गव्हाळ रंगाची मुलगी डोंगरी हेलात बोलते याची त्यांना मौज वाटली. मी वर्षभरात तो हेल पुसून टाकला. आरशासमोर उभं राहून, बातम्या देणाऱ्यांची नक्कल करत.

शिक्षिका व्हायचं मात्र त्याआधीच ठरलं होतं. मी बारावीत असताना, २२ फेब्रुवारी २०१८ला, राज्यातल्या पंचावन्नच्या पंचावन्न जिल्ह्यांतले शिक्षक संपावर गेले. शाळेचे नऊ दिवस बुडाले. पुष्कळांच्या गळ्यात लाल रुमाल होते. १९२१मध्ये ब्लेअर माउंटनवर सुमारे दहा हजार खाण कामगार आपल्या संघटनेसाठी लढले तेव्हा त्यांच्या गळ्यात तसेच रुमाल होते, आणि तो डोंगर याच लोगन जिल्ह्यात आहे. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी संपकरी शिक्षक खाण्याच्या पिशव्या भरत होते. माझ्या गणिताच्या बाईंना मी त्या पिशव्यांत शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या ठेवताना पाहिलं. माझं तेव्हाच ठरलं.

आता त्या दोन कागदांकडे येते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी मुलांना सांगितलं होतं, घरातल्या मोठ्या माणसाला या जिल्ह्यातली त्याने स्वतः पाहिलेली एक घटना विचारा आणि लिहून आणा. आमच्याकडे पालकाच्या रकान्यात आजी-आजोबांचं नाव असणं नवीन नाही. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने मधली पिढी पोखरली, आणि नातवंडं वाढवायचं काम पुन्हा जुन्या हातांवर आलं. या मुलाने आजीला विचारलं. तिने बफेलो क्रीक सांगितलं.

२६ फेब्रुवारी १९७२, शनिवार, सकाळी आठच्या सुमाराला बफेलो क्रीकच्या होलरमध्ये वरच्या अंगाला असलेला बांध फुटला. तो दगडमातीचा बांध नव्हता. कोळसा धुऊन उरलेला गाळ आणि खाणीतली टाकाऊ माती ओढ्यात ढकलून तो उभा राहिला होता. त्यामागे साठलेलं जवळपास पन्नास कोटी लिटर काळं पाणी एका दमात खाली आलं. सतरा मैलांच्या त्या होलरमध्ये सुमारे पाच हजार माणसं राहत होती. १२५ मेली, चार हजारांवर बेघर झाली. चारच दिवस आधी एका सरकारी निरीक्षकाने बांध ठीक असल्याचं म्हटलं होतं. आणि नंतर कंपनीच्या बाजूने सांगण्यात आलं की ही देवाची करणी.

मुलाने आजीचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. इथल्या बोलीत क्रियापदाच्या आधी एक 'अ' लागतो: पाणी 'अ-रोरिंग' येतं, माणसं 'अ-रनिंग' सुटतात. 'माइट कुड' अशी दोन साहाय्यक क्रियापदं शेजारी शेजारी बसतात. पिशवीला 'पोक' म्हणतात. यातलं बरंचसं जुनं इंग्रजी आहे, जे बाहेरच्या जगाने टाकलं आणि डोंगरांनी ठेवलं. हे सगळं मी शिकले होते, त्यावर कॉलेजात एक निबंधही लिहिला होता. तरी लाल पेन उचललं आणि दीड पानावर एकतीस खुणा केल्या. शुक्रवारी कागद परत दिला. मुलाने तो दप्तरात टाकला, काही बोलला नाही.

आणि सोमवारी आजी समोर.

तिचं बोलणं इथे प्रमाण मराठीत लिहिलं तर मी तेच पुन्हा करेन जे शुक्रवारी केलं. म्हणून माझ्या आजीच्या मराठीत लिहिते. दोघींच्या बोलण्याचा तोल सारखा आहे.

तिने कागद टेबलावर पसरला, हाताने सपाट केला आणि म्हणाली, "यात काय खोटं हाय ते दाव मला. म्या तिथं व्हते."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि पोटात खड्डा पडला. तिला वाटलं होतं की एकतीस ठिकाणी मी तिची हकीकत खोटी ठरवली आहे. पूर आला तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्यानंतरची दोन-तीन वर्षं घरी वकील येत, कागद येत, कुणीतरी येऊन मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारत, नक्की असंच झालं का, नीट आठवतं का. बावन्न वर्षांनी नातवाच्या वहीवर लाल रेघा बघून तिला तेच वाटलं.

मी सांगितलं, "नाही मॅम, हकीकत खरीच आहे. खुणा फक्त भाषेच्या आहेत."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भाषा तर माझी हाय. पोरानं न्हाई केली ती. त्याचं मार्क कापू नगंस."

मला उत्तर सुचलं नाही. तिनेच विषय बदलला, इथल्या रीतीप्रमाणे. "तू कुनाची गं?" आपल्याकडे गावात म्हातारी माणसं विचारतात ना, अगदी तसंच. देश कुठला, धर्म कुठला, हे नाही, माणसं कुठली. मी म्हणाले, बेकलीच्या छातीच्या डॉक्टरांची. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

"माझ्या म्हाताऱ्याला तुझ्या बापानं तपासलं," ती म्हणाली. "म्हातारा म्हनायचा, मला वारा घावत न्हाई. लोकं हसायची. तुझ्या बापानं तसंच लिवलं कागदावर. वारा घावत न्हाई."

हे खरं असणार, कारण मी बाबांना तसं करताना पाहिलं आहे. केस पेपरवर पहिली तक्रार पेशंटच्या शब्दांतच लिहायची, हा त्यांच्या शिक्षणातला नियम. पण बाबा तो नियमापलीकडे पाळायचे. जेवताना सांगायचे, आज एकाने सांगितलं की जिना चढताना छातीत कुणीतरी पोतं ठेवतं. दम लागतो असं लिहिलं असतं तर पोतं गेलं असतं, आणि पोत्यातच आजार आहे.

मी तिला विचारलं, आज तारीख तीच आहे, तुम्ही वर्गात सांगाल का? ती नाही म्हणाली. मग म्हणाली, वाचून दाखवीन, पोरानं लिवलंय तेवढंच. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, पाहुण्यांचा बिल्ला तिच्या स्वेटरला लावला, आणि चौथ्या तासाला ती फळ्यासमोर उभी राहिली. नातू शेवटच्या बाकावर, कानांपर्यंत लाल.

"पानी काळं व्हतं," तिने सुरुवात केली. "पान्यावानी न्हाई आलं. डोंगर चालत यावा तसं आलं. आय चुलीम्होरं उभी व्हती. भाऊ वरडत आला, बांध गेला, पळा. आमी समदी मागल्या दारानं डोंगरावर. मी अनवानी. वरनं बघितलं तर शेजाऱ्याचं घर गोल गोल फिरत चाललंया, आन् आमचं त्याच्या मागनं. आयच्या हातात उलथनं तसंच. दुपारपत्तुर तिनं ते खाली ठेवलं न्हाई."

एवढ्यावर ती थांबली. कागद संपला नव्हता, पण ती थांबली. एरवी या तासाला चोवीसजणांना गप्प करायला मला दोनदा टाळी वाजवावी लागते. त्या दिवशी हीटरचा आवाज ऐकू येत होता.

एका मुलीने विचारलं, मग तुम्ही कुठे राहिलात? ती कागद बाजूला ठेवून आपणहून बोलायला लागली. आधी मॅन गावच्या हायस्कुलात, जमिनीवर. मग सरकारने दिलेल्या ट्रेलर-घरांच्या छावणीत. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याला टाकलं, त्यामुळे जन्मभराचे शेजारी पांगले. "पुरानं घर नेलं," ती म्हणाली, "पन शेजार त्या छावनीनं नेला. दाराबाहेर यावं तर एक बी तोंड वळखीचं न्हाई." मग एकेक हात वर यायला लागले. कुणाची पणजी त्याच होलरची होती, कुणाच्या घरी फोटो होते. मी अभ्यासक्रमात बफेलो क्रीकला एक तास दिला होता. तो दिवस आणि पुढचे दोन तिथेच गेले, आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

प्रश्न मात्र माझ्यापुढे उरलाच होता. या मुलांना प्रमाण इंग्रजी मी शिकवलं नाही, तर परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत त्यांचं नुकसान होईल. कॉलेजच्या त्या टेबलावर मला जे झालं ते त्यांना होईल. त्या दिवशी सुट्टीच्या वेळी मी मुलाला थांबवलं, आणि मला फार सोपी गोष्ट दिसली. त्याने अवतरणचिन्हं दिली नव्हती. दीड पान आजीचं बोलणं, आणि ते आजीचं आहे हे सांगणारी खूणच नाही. मी त्याला कोरी प्रत दिली आणि म्हटलं, जिथे ती बोलायला लागते तिथे चिन्ह उघड, थांबते तिथे बंद कर. आतल्या एका अक्षरालाही मी हात लावणार नाही. बाहेर तू तुझ्या भाषेत दोन वाक्यं लिही, ती मी तपासेन. गुण पूर्ण दिले आणि लाल खुणांचा कागद त्याच्याकडून मागून घेतला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

संध्याकाळी बाबांना फोन केला आणि एक जुनं रेकॉर्डिंग मागितलं. आजी, बाबांची आई, मावळातली. लग्न होऊन पुण्यात पुलाच्या वाडीत आली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, तेव्हा ती बाबांना कडेवर घेऊन टेकडीवर पळाली होती. बेकलीला आमच्याकडे राहायला आली असताना, मी दहावीत, तिने ते मला सांगितलं आणि मी फोनवर टिपलं. ती 'पानी' म्हणायची, 'व्हतं' म्हणायची. मीही तिचं ऐकून तसंच बोलायला लागले, तेव्हा आईने मला आजीच्या देखत टोकलं: पानी नाही, पाणी म्हण. आईच्या मनात वाईट काही नव्हतं. परदेशात मुलीचं मराठी शुद्ध राहावं एवढंच. पण त्यानंतर आजी माझ्याशी बोलताना अडखळायला लागली. शब्द तोंडात धरून तपासायची आणि मग सोडायची. पुढच्या वर्षी ती पुण्यात वारली. ते अडखळणं तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते कळायला मला हा सोमवार लागला.

रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. मी वहीत ते उतरवून काढलं, 'न्हाई'ला न्हाई आणि 'समदं'ला समदं ठेवून. रात्रीचे दोन वाजले.

मंगळवारी सकाळी मुलाने कोरी प्रत परत आणली. पहिल्या ओळीच्या आधी मोठं, गडद अवतरणचिन्ह होतं. शेवटचं चिन्ह मात्र खोडलं होतं, आणि त्याखाली पेन्सिलीने चार नव्या ओळी. रात्री आजीला आणखी आठवलं, तो म्हणाला. आणि मग विचारलं, "मिस, चिन्ह बंद केलं नाही तर चालेल का? ती अजून सांगतेय."