बोक्याचं वजन उतरवायचंय? आधी वजनकाटा घ्या

साडेसात किलोचा बोका दिसला की लोक आधी गाल ओढतात आणि मग म्हणतात किती गोड, कसला गुबगुबीत आहे. मला ते ऐकून वाईट वाटतं, कारण मी आमच्या सोन्याला पलंगावर चढताना रोज बघते, आधी पुढचे दोन पाय वर ठेवणार, मग थांबणार, मग मागचं धूड कसंबसं वर खेचणार. मागच्या बाजूला कमरेजवळ त्याची जीभच पोचायची नाही, तिथल्या केसांच्या गाठी व्हायच्या, खालची कातडी लाल व्हायची. मांजराला स्वतःचं अंग चाटून साफ करता न येणं ही साधी गोष्ट नाहीये.

सोन्या आमच्याकडे आला तेव्हा मोठाच होता, न्यूटर झालेला म्हणजे नसबंदी झालेला, आधीच्या घरी ड्राय फूडची वाटी दिवसभर भरलेली असायची. मी त्या लोकांना दोष देत नाही, जीव लावला होता त्यांनी त्याला. न्यूटर केल्यावर मांजराची कॅलरीची गरज साधारण पाव भागाने कमी होते आणि भूक मात्र वाढते, हे ऑपरेशनच्या वेळी कुणी समजावून सांगितलंच नाही तर घरच्यांना कळणार कसं? वाटी तीच राहते, मांजर घरातच असतं, हालचाल कमी, आणि वर्षाला थोडं थोडं करत वजन चढत जातं. रोज बघणाऱ्याला तर दिसतही नाही.

तुमचं मांजर नक्की जाड आहे का हे पोट बघून ठरवू नका. मांजरांच्या पोटाखाली मागच्या पायांजवळ एक सैल कातडी लोंबते, ती बारीक मांजरांनासुद्धा असते. बरगड्यांवरून हात फिरवा. तुमच्या हाताच्या मागच्या बाजूवरून, बोटांच्या हाडांवरून हात फिरवला की जसं लागतं तसं लागलं तर ठीक, तळहातासारखं गादीगादी लागलं आणि बरगड्या दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त आहे. वरून बघितलं की कंबर आत गेलेली दिसायला हवी. डॉक्टर लोक याचे 9 पैकी मार्क देतात, 5 म्हणजे उत्तम, सोन्याला 8 मिळाले. डॉक्टरांनी टार्गेट दिलं साडेपाच किलो, तो मुळात मोठ्या हाडापेराचा आहे म्हणून, बहुतेक मांजरांचं योग्य वजन यापेक्षा कमीच असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. मांजराला उपाशी ठेवायचं नाही. कधीच नाही. माणसासारखा एक दिवस कडक उपास, किंवा "नवीन फूड खात नाही ना, मग भूक लागली की खाईल आपोआप" हे कुत्र्याच्या बाबतीत चालत असेल, जाड मांजराच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. खाणं बंद झालं की शरीर साठलेली चरबी वापरायला काढतं, ती सगळी लिव्हरकडे येते, आणि मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी एकदम हाताळता येत नाही, ती तिथेच साचत जाते आणि लिव्हर काम करेनासं होतं. दोन-तीन दिवस न खाण्यानेसुद्धा हे सुरू होऊ शकतं आणि जितकं मांजर जाड तितका धोका जास्त. म्हणून चोवीस तास पोटात काही गेलं नसेल तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा. फूड बदलायचं असेल तर आठ-दहा दिवस जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत जा.

म्हणजे घाई नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं तरी छान, दोन टक्क्यांच्या वर नको. साडेसात किलोच्या बोक्याचा एक टक्का म्हणजे 75 ग्रॅम. दोन किलो उतरवायला सात-आठ महिने सहज लागतात, कधी वर्षसुद्धा. हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा नाहीतर दुसऱ्या महिन्यात "काही फरकच नाही" सुरू होतं.

किती द्यायचं याचा हिशोब डॉक्टर असा करतात: टार्गेट वजनाचा 0.75 घात, गुणिले 70, ही आरामात पडून राहणाऱ्या मांजराची दिवसाची गरज. वजन उतरवायला सुरुवातीला त्याच्या साधारण 80 टक्के. साडेपाच किलोसाठी गरज येते 250 च्या आसपास आणि 80 टक्के म्हणजे 200 किलोकॅलरी. लक्षात घ्या, हिशोब आजच्या वजनावर नाही, टार्गेट वजनावर. आणि हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे, प्रत्येक मांजर वेगळं, पुढे काट्यावर काय दिसतं त्याप्रमाणे तो वरखाली करावा लागतो. आणि तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या प्लीज, कारण आधी रक्त तपासावं लागतं, दुसरं काही दुखणं नाही ना ते बघावं लागतं, आणि मांजराला डायबेटिस असून इन्सुलिन चालू असेल तर घरच्या घरी खाणं कमी करणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते.

200 किलोकॅलरी म्हणजे किती हे बघितल्यावर घरात सगळे गप्प झाले. ड्राय फूड 100 ग्रॅममध्ये साधारण 350 ते 400 किलोकॅलरी असतं, म्हणजे दिवसभराचं सगळं मिळून पन्नास-पंचावन्न ग्रॅम! मुठीत मावतं ते. इथे दहा ग्रॅम जास्त पडले की जवळजवळ वीस टक्के खाणं वाढलं. म्हणून मी म्हणते की वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पाकिटाबरोबर येणारा कप किंवा घरची वाटी वापरू नका, एकच माणूस तोच कप दोनदा भरतो तरी वजन वेगळं येतं, आणि घरात तीन माणसं भरणारी असली तर विचारायलाच नको.

आम्ही बराचसा भाग वेट फूडवर नेला. त्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते, पोट भरतं, आणि मांजरं मुळात पाणी कमी पितात तर लघवीच्या त्रासासाठीही ते बरं. दोन पाउच आणि वर थोडेसे ड्राय दाणे, असं आमचं चालतं. पाकिटावर किलोकॅलरी लिहिलेली असते ती वाचा, नसेल तर कंपनीला मेल करा. आणि नेहमीचंच फूड फार कापत नेऊ नका, कॅलरीबरोबर प्रोटीन, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य), व्हिटॅमिन सगळंच कमी होतं, मग चरबीऐवजी स्नायू झडतात. जास्त कापावं लागत असेल तर वजन कमी करण्यासाठीचं वेगळं फूड मिळतं, त्यात कमी कॅलरीत प्रोटीन जास्त बसवलेलं असतं, डॉक्टर सांगतात कुठलं ते. मांजराला मांसातलंच प्रोटीन लागतं, तिथे काटकसर नको.

आई मात्र ऐकेना. "अगं दोन दाणे तर दिले, कसा बघतोय बघ." आणि तिचं चुकत नव्हतं, तिला त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि तो तिच्याचकडे जाऊन बसायचा. मग एक छोटी डबी केली, रोज सकाळी त्याच्या दिवसाच्या हिशोबातलेच पाच ग्रॅम दाणे मोजून त्यात टाकायचे, ती डबी आईची. कधी द्यायचे, कितीदा द्यायचे ते ती ठरवणार, डबी संपली की संपली. खाऊ एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, पाच ग्रॅम त्यात जेमतेम बसतात. या डबीमुळे घरातली कटकट इतकी कमी झाली की मी सगळ्यांना हे सांगते, माणसाला देऊ नको म्हणण्यापेक्षा मोजलेलं हातात देणं कितीतरी चांगलं.

भूक लागल्याचं नाटक करतो का तो? नाटक नाही, सुरुवातीला त्याला खरंच कमी मिळतंय. पण पहाटे चार वाजता छातीवर उभं राहून ओरडलं आणि आपण उठून दिलं, की तो शिकतो की ओरडलं की मिळतं. आम्ही उठल्या उठल्या खाणं देणं बंद केलं, उठणं आणि वाटी यांच्यात अर्धा-पाऊण तास जाऊ दिला, आणि पहाटेसाठी टायमरवर उघडणारा डबा लावला, मग तो आमच्याऐवजी डब्याशेजारी जाऊन बसायला लागला. मध्ये काही दिवस ओरडणं आधीपेक्षा वाढतं, तेव्हा घरात कुणीच नमायचं नाही, कारण तेव्हा एकदा जरी दिलं तर पुढच्या वेळी तो त्याहून जास्त वेळ ओरडतो.

खाणं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. बाहेर राहणारी मांजरं दिवसात कितीतरी छोट्या छोट्या शिकारी करून खातात, दोन वेळचं भरपेट जेवण ही माणसाची पद्धत. ड्राय दाणे मी वाटीत देतच नाही, भोकं पाडलेल्या बाटलीत नाहीतर टिशूच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीत, नाहीतर घरभर लपवून. एक दाणा कपाटाजवळ, दोन खिडकीत. त्याला चालावं लागतं आणि डोकं चालवावं लागतं. खेळणं पण असंच, दोरीला पिसं बांधलेली काठी, पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जाड मांजर लगेच दमतं, आडवं पडून एका पंजाने मारतं, तेही चालेल. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर मात्र लगेच थांबा आणि डॉक्टरांना सांगा. शेवटी पिसं पकडू द्या आणि लगेच जेवण द्या, शिकार झाली आणि पोटात गेली असं त्याला वाटलं पाहिजे. लेझरच्या ठिपक्यामागे पळवत असाल तर शेवटी तो ठिपका दाण्यावर नेऊन थांबवा, हाताला काहीच न लागणारी शिकार त्यांना चिडचिडं करते. पण खेळून वजन उतरेल अशी आशा ठेवू नका, वजन उतरतं ते वाटीतूनच. खेळण्याने स्नायू टिकतात आणि मांजराचा मूड सुधारतो.

वजन आठवड्यातून एकदा, ठराविक वेळी, जेवणाआधी. माणसाच्या काट्यावर त्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, याने अंदाज येतो पण 75 ग्रॅमचा फरक त्यात दिसत नाही, म्हणून मी लहान बाळांचा काटा घेतला. एका आठवड्याच्या आकड्यावर जाऊ नका, तीन-चार आठवड्यांची दिशा बघा. महिनाभर काटा हललाच नाही तर आधी घरात विचारा कोण काय देतंय, शेजारी कुणी देतंय का, दुसऱ्या मांजराच्या वाटीत तोंड घालतोय का, आणि हे सगळं नसेल तरच डॉक्टरांशी बोलून पाच-दहा टक्के कमी करा. उलट वजन फार भराभर उतरायला लागलं तर खूश होऊ नका, थायरॉइड, डायबेटिस, किडनी यातही मांजरं झपाट्याने उतरतात.

सोन्या आता सहा किलो तीनशेवर आहे. कमरेजवळच्या गाठी गेल्या, तिथपर्यंत त्याची जीभ पोचते आता, आणि पलंगावर तो एका उडीत चढतो, मागचे पाय न खेचता. परवा खिडकीच्या कठड्यावर गेला, तिथे मी त्याला कधी बघितलंच नव्हतं, मी आईला हाक मारून दाखवलं. अजून आठशे ग्रॅम बाकी आहेत. साडेपाचला पोचल्यावर खाणं लगेच पूर्वीसारखं करायचं नाही, दहा-दहा टक्क्यांनी वाढवत वजन जिथे थांबेल ते त्याचं कायमचं माप, आणि त्यानंतरही महिन्यातून एकदा काट्यावर.

तुमच्याकडे दोन मांजरं असतील, एक जाड आणि एक बारीक, तर वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा आणि जेवण झालं की उचला. ज्या डब्याचं झाकण फक्त एकाच मांजराच्या मायक्रोचिपने (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपने) उघडतं तसे डबेही मिळतात, बारीक मांजराचं खाणं त्यात ठेवलं की काम होतं.