गिटार तपासताना पहिलं काय वाजतं

"रॉक आता ऐकतं कोण?" असं गेल्या आठवड्यात दुकानात एका गृहस्थांनी विचारलं. मुलासाठी गिटार घ्यायला आले होते. टीव्हीवर नाही, पेपरात नाही, एफएमवर तर नाहीच, म्हणजे लोकांनी सोडलं असणार, असा त्यांचा हिशेब. मला तो मुळीच पटला नाही. गिऱ्हाइकाशी काउंटरवर वाद घालता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं वाद्यांचं दुकान आहे. बाबा होते तेव्हा पेट्या आणि तबले जास्त. पेटी घ्यायला आलेला माणूस भाता हलवून पहिलं काय वाजवतो, याकडे बाबांचा कान असायचा. भजनी मंडळातली माणसं बऱ्याचदा प्रल्हाद शिंद्यांनी गायलेलं काहीतरी काढत. पेपरात त्या आठवड्यात कुठल्या गायकाची मुलाखत आली होती, याचा त्या बोटांशी काही संबंध नसायचा. बाबांची ती सवय माझ्यात आली, फक्त पेटीच्या जागी गिटार आली.

"ताई, जरा वाजवून बघू?" म्हणत पोरं गिटार मांडीवर घेतात. सिन्नरचा मुलगा असो, ओझरचा असो, की शरणपूर रोडच्या चर्चमध्ये कॉयरला वाजवणारी मुलगी असो, पहिल्या काही सेकंदांत ठरावीक दोन-तीन गोष्टींपैकी एक वाजते. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चे ते चार सूर, नाहीतर मेटालिका या अमेरिकी बँडचं 'नथिंग एल्स मॅटर्स'. दुसऱ्याचं कारण थोडं व्यवहारीही आहे: सुरुवातीचे सूर मोकळ्या तारांवर येतात, डावा हात लावावाच लागत नाही. पण मोकळ्या तारांवर इतरही हजार गोष्टी वाजवता येतात. पोरं तेच वाजवतात, आणि त्यांना ते कुठल्या चॅनलनं शिकवलेलं नसतं. वर्गातल्या मित्रानं, मामेभावानं, होस्टेलच्या खोलीतल्या कुणीतरी दाखवलेलं असतं.

डीप पर्पलचंच घ्या. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात फ्रँक झॅपा या अमेरिकी संगीतकाराच्या कार्यक्रमात आग लागून कसिनो जळालं. तिथे रेकॉर्डिंगला आलेल्या या मंडळींनी तळ्यावर पसरलेला धूर पाहिला आणि त्यावर हे 'स्मोक ऑन द वॉटर' केलं. १९७२ च्या 'मशीन हेड' या अल्बममध्ये ते आलं. अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीत पहिल्या रेकॉर्डनंतर २५ वर्षांनी नाव जाऊ शकतं, म्हणजे डीप पर्पल १९९३ पासून पात्र होते. त्यांना घेतलं २०१६ मध्ये. मधली तेवीस वर्षं जाणकारांचं काय ठरत नव्हतं कोण जाणे. जगभर गिटार शिकणाऱ्या पोरांचं कधीच ठरलं होतं.

लेड झेपलिन या ब्रिटिश बँडनं तर माध्यमांकडे पाठच फिरवली. १९६९ मध्ये त्यांच्या पहिल्या अल्बमला 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत-नियतकालिकानं झोडपलं. १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या कव्हरवर त्यांनी बँडचं नावसुद्धा छापलं नाही. ब्रिटनमध्ये ते सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या रेकॉर्ड, काढायचे नाहीत. 'स्टेअरवे टू हेवन' सिंगल म्हणून बाजारात आलंच नाही. ते हवं तर अख्खा अल्बम घ्या. लोकांनी घेतला. एकट्या अमेरिकेत त्याच्या विक्रीची नोंद दोन कोटी चाळीस लाखांवर गेली आहे.

आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड माझा सगळ्यात लाडका पुरावा. १९९१ च्या जानेवारीत त्यांचं गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि रेडिओनं ते जवळजवळ वाजवलंच नव्हतं. हाच बँड १७ मार्च २००७ ला पहिल्यांदा भारतात वाजला, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आमच्या गिऱ्हाइकांतली काही पोरं रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्यानं गेली होती. घरी काय सांगून गेली ते मी इथे लिहीत नाही. परत आली तेव्हा घसे बसलेले, आणि जो तो म्हणत होता की सगळं मैदान शब्दन् शब्द गात होतं. हे शब्द आले कुठून? हातोहात फिरलेल्या, भरून घेतलेल्या कॅसेटमधून आणि नंतर सीडीमधून.

याच्या उलटही होतं, तेही सांगते. मेनरोडला आणि कॉलेज रोडला रमोन्स या अमेरिकी बँडचं गोल चिन्ह छापलेले टी-शर्ट सर्रास दिसतात. घालणाऱ्याला विचारलं तर बहुतेकदा तो कपड्याचा ब्रँड वाटतो. रमोन्सचा पहिला अल्बम १९७६ चा; अमेरिकेत पाच लाख प्रतींच्या विक्रीचा गोल्ड दर्जा मिळायला २०१४ उजाडलं. म्हणजे चिन्ह सगळीकडे पोचलं आणि गाणी मागे राहिली. टी-शर्ट मोजून बँड किती प्रसिद्ध आहे ते ठरवणाऱ्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही. दुकानात रमोन्स वाजवून गिटार तपासणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही, आणि याचं वाईट वाटतं, कारण त्यांची गाणी तीन कॉर्डवर निघतात. नवशिक्यांना आता मीच ती दाखवते.

नाशिककरांना तरी हे समजायला अवघड जाऊ नये. आपला ढोल बघा. केरळात लग्नाच्या आणि निवडणुकीच्या मिरवणुकांत 'नाशिक ढोल' याच नावानं पथकं वाजतात. ते नाव तिथवर कुठल्या पुरवणीनं नेलं? वाजवणाऱ्यांनी नेलं, नाचणाऱ्यांनी उचललं.

खरी कळकळ मला इथल्या पोरांची आहे. शहरात कॉलेजच्या पोरांचे बँड आहेत, स्वतःची मराठी गाणी करणारे. मागच्या वर्षी त्यातल्या एकाचा कार्यक्रम मी पाहिला. शेवटच्या गाण्याला सभागृह उभं होतं, मागच्या रांगेतली पोरं त्यांच्याच ओळी त्यांच्या आधी म्हणत होती. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली. दीपप्रज्वलन कोणी केलं, पुष्पगुच्छ कोणी दिला, आभार कोणी मानले, सगळी नावं. बँडबद्दल एवढंच: "ऑर्केस्ट्राने रसिकांची मने जिंकली." ड्रम वाजवणारी मुलगी ते कात्रण घेऊन दुकानात आली होती. तिला काय बोलावं मला सुचेना.

पण दिल्लीचा ब्लडीवूड हा मेटल बँड आठवा. घरचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकत टाकत २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेनच्या मोठ्या मेटल महोत्सवात पोचले, तेव्हा आपल्याकडच्या किती पेपरांना त्यांचं नाव ठाऊक होतं? ऐकणाऱ्यांना होतं, आणि बोलावणाऱ्यांनी तेवढंच पाहिलं.

दुकानाच्या दाराशी मी आता एक मोठी फळी लावून घेतली आहे. नाशिक, देवळाली, सिन्नर, ओझर, कुठल्याही बँडनं यावं आणि आपल्या कार्यक्रमाचा कागद तिथे डकवावा. पैसे नाहीत. बँडचं नाव मोठ्या अक्षरात हवं, आणि त्याखाली वाजवणाऱ्या प्रत्येकाचं.