वहीतला प्लेटलेट्सचा रकाना

माझं बीपी चढलं म्हणून २९व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलगी, वजन १,१२० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, डॉक्टरांनी पहिला आकडा सांगितला: प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, १ लाख १० हजार. दीड लाखाच्या खाली म्हणजे कमीच. पण डॉक्टर शांत होते. आईला बीपीचा त्रास असला, वारेतून पुरेसा रक्तपुरवठा झाला नसला, की बाळाच्या प्लेटलेट्स पहिल्या तीन दिवसांत अशा उतरतात आणि बहुतेक वेळा आपोआप चढतात. "त्यानंतर उतरल्या तर मात्र आम्ही कान टवकारतो," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी वही सुरू केली. वजन, दूध, प्लेटलेट्स. दुसरं काही माझ्या हातात नव्हतंच.

सहाव्या दिवशी ३८ हजार! मी तिथेच स्टुलावर बसले. सिस्टरने रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ बोटाने दाखवली: गुठळ्या आढळल्या, नमुना पुन्हा पाठवावा. टाच टोचून, दाबून दाबून थेंब गोळा करताना रक्त साकळायला लागतं. गुठळीत अडकलेल्या प्लेटलेट्स मशीनच्या मोजणीत येत नाहीत. शिरेतून पुन्हा रक्त घेतलं, तर १ लाख ३४ हजार. जीव भांड्यात पडला, पण रागही आला. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असून असून शंभर मिलीच्या आसपास, त्यातलं आणखी अर्धा मिली गेलं.

खरी घसरण आली ती गाजावाजा न करता. अकराव्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, "ताई, आज बाळ मला बरं वाटत नाहीये." तोवर एकही रिपोर्ट आला नव्हता. रंग उतरलेला, दोनदा श्वास थांबला, पोटातल्या नळीतून हिरवट पाणी. तिने टेपने पोट मोजलं, कालच्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. सीआरपी, म्हणजे जंतुसंसर्गात चढणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आली. ती चढायला अर्धा-एक दिवस लागतो म्हणे. प्लेटलेट्स मात्र १ लाख ६० हजारांवरून ८८ हजारांवर, आणि एमपीव्ही ८.६ वरून ११.१ वर.

एमपीव्ही म्हणजे प्लेटलेट्सचा सरासरी आकार. जंतुसंसर्गात जुन्या प्लेटलेट्स भराभर खर्ची पडतात, मग हाडांतली मज्जा नव्या बाहेर सोडते आणि त्या आकाराने मोठ्या असतात. पण नमुना नळीत बराच वेळ पडून राहिला तरी प्लेटलेट्स फुगतात, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. आमच्या बाबतीत सगळी चिन्हं एकाच दिशेने बोट दाखवत होती. दूध बंद, ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी), पोटाचा एक्स-रे, अँटिबायोटिक्स सुरू.

दुसऱ्या दिवशी ४१ हजार. मी हट्टाला पेटले, "प्लेटलेट्स चढवा ना!" डॉक्टर खुर्ची ओढून बसले. २०१९ साली ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ५० हजारांच्या खाली गेल्यावर लगेच प्लेटलेट्स दिलेल्या बाळांमध्ये मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव जास्त दिसला, २५ हजारांपर्यंत थांबलेल्यांमध्ये कमी. रक्तस्राव नव्हता, डोक्याची सोनोग्राफी स्वच्छ होती, म्हणून थांबायचं ठरलं. मला पटलं असं नाही. मी फक्त गप्प बसले.

कल्चरमध्ये जंतू सापडला, औषध बदललं. ३६, ३९, ५८ हजार. मग ९७. त्या दिवशी नळीतून पुन्हा एक मिली दूध गेलं, मी सिरिंज धरून उभी होते.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, ५ लाख ४० हजार. मी वही घेऊन धावतच गेले, आता हे काय नवीन? डॉक्टर हसले. आजारातून उठल्यावर मज्जा जरा जास्तच जोरात कामाला लागते, चालायचंच. मी तो आकडा लिहिला आणि पुढे कंसात 'चालायचंच' असंही लिहिलं.