सरांची ८०० आणि पन्नास रुपयांची पॉलिश

कोल्हापुरात उद्यमनगरच्या जवळ माझं छोटं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. एक कंप्रेसर, रंग मारायच्या दोन गन, मी आणि एक पोरगं, बास. गेल्या वर्षी उन्हाळ्यात रिटायर झालेले एक सर त्यांची मारुती ८०० घेऊन आले, २००३ ची, पांढरी. गाडी आतून बाहेरून एकदम जपलेली, पण पुढचा बंपर बघितला की वाटायचं राख फासलीय. काळा बंपर पार पांढुरका करडा पडलेला, बोट फिरवलं की बोटाला पूड. सर म्हणाले, उद्या पौर्णिमा, नरसोबाच्या वाडीला जायचंय, संध्याकाळपर्यंत होईल का बघ. मी म्हटलं होईल की सर, त्यात काय.

हे होतं काय ते सांगतो, कारण गिऱ्हाइकाला वाटतं वरचा रंग उडाला. त्या बंपरला वरून रंग नसतोच, प्लॅस्टिकमध्येच काळं कालवलेलं असतं. उन्हानं वरचा थर कुजतो, बारीक बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांमुळं पांढरं दिसतं, खाली माल काळाच असतो. म्हणून तर हीट गन, म्हणजे गरम हवेची गन, मारली की जादू झाल्यासारखा काळा होतो, वरचा थर वितळून परत गुळगुळीत होतो ना. पण ते टिकत नाही, काही महिन्यात परत तेच, आणि हात जरा जास्त वेळ थांबला तर कोपरा लाडवासारखा बसतो. एकदा केलंय, परत नाही.

नवीन बंपर टाकू का असंही विचारलं. लोकल माल मिळतो, पण त्याची भोकं कधी जागेवर येत नाहीत आणि फेंडरजवळ बोटभर फट राहते. सर म्हणाले, असलेलाच नीट कर.

मग बंपर उतरवला, आतल्या बाजूनं ब्लेडनं एक सालपट काढून पाण्याच्या मग्यात टाकलं. तरंगलं, म्हणजे पीपी, पॉलिप्रॉपिलीन, पाण्यापेक्षा हलकं प्लॅस्टिक. एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक असतं तर बुडालं असतं. पीपीला रंग धरत नाही हे पेंटर लोकांना माहितीच आहे, नुसता मारला तर महिन्यात पापुद्रे निघतात, म्हणून आधी प्लॅस्टिक प्रायमरचा एक पातळ हात. ते सगळं केलं. साबणानं धुतला, चारशे नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग सहाशेचा, वाळवला, प्रायमर मारला आणि दहा मिनिटांनी मॅट ब्लॅकचा पहिला कोट.

गन फिरवली आणि माझ्या डोळ्यांसमोर रंग मागं सरकायला लागला ओ. गोल गोल भोकं, मसूराएवढी, तेलकट ताटात पाणी ओतल्यावर कसं पळतं तसं. याला आम्ही फिशआय म्हणतो. पोरगं म्हणालं कंप्रेसरमधनं तेल आलं असेल, मी फिल्टर उघडून बघितला, कोरडा. बंपरवर कुणीतरी सिलिकॉन लावलेलं होतं, दुसरं काही नाही, आणि मी काय केलं, साबणानं वरवर धुऊन सरळ पेपर मारला, म्हणजे ते सिलिकॉन घासून घासून प्रत्येक ओरखड्यात बसवलं. धुतल्यावर पाणी थेंब थेंब होऊन उभं राहतंय का सपाट पसरतंय एवढं बघायचं असतं, थेंब झाले म्हणजे सिलिकॉन अजून आहे. वीस वर्षं पोरांना तेच शिकवतोय. घाईत मीच नाही बघितलं.

सरांना फोन लावला, म्हटलं सर बंपरला काय काय लावलं होतं तुम्ही? बूट पॉलिश? खोबरेल? सर एकदम शांतपणे म्हणाले, "मी नाही बाबा काही लावलं. दोन वर्षांपूर्वी पासिंगच्या आधी तूच लावून दिलंस की, पन्नास रुपये घेतलेस. चकाकत होतं तेव्हा."

फळीवर बघितलं तर ती सिलिकॉनवाल्या डॅशबोर्ड पॉलिशची बाटली तिथंच. आता काय बोलणार?

ओला रंग पुसून काढला आणि पहिल्यापासून सुरुवात. सिलिकॉन काढायचं लिक्विड घेऊन दोन फडक्यांनी, एकानं ओलं करायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं उचलायचं, नाहीतर ते फक्त इकडचं तिकडं फिरतं. फडकी बदलून बदलून चार वेळा. मग स्कॉचब्राइट, परत लिक्विड, परत पाणी मारून बघितलं, तेव्हा कुठं पाणी पसरलं. तोवर पाच वाजलेले. सर आले, स्टुलावर बसले, चहा सांगितला, एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आठच्या पुढं क्लिपा लावल्या. मॅट ब्लॅक मस्त बसला होता, थोडासा दाणेदार, अगदी ओरिजिनलसारखा. आठवडाभर धुवू नका म्हटलं आणि बिलातनं पन्नास रुपये कमी केले. सरांनी मोजून ती नोट परत काउंटरवर ठेवली, म्हणाले हे मागच्या बंपरला धर, पेन्शन झाली की आणतो, त्याला पण तूच लावलंयस.

मागचा परवाच केला. यावेळी पाणी मारून बघितलं आधी.