खारीकची शू आणि आमचं घड्याळ

मृगाचा आठवडा

"लहान जातीची कुत्री घरात शी-शू करायची थांबतच नाहीत, तयारी ठेव." खारीक आल्यापासून हे मला लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, फोनवर, सगळीकडे ऐकायला मिळतंय. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. का पटत नाही ते लिहून ठेवते.

खारीक डॅशहाऊंड आहे, नुकतीच दोन महिन्यांची झालीये. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ती माझ्या हाताच्या कोपर ते बोटांच्या अंतरात मावते. एवढ्याशा जिवाचं मूत्राशय ते केवढं असणार! डॉक्टरांनी ढोबळ हिशेब सांगितला: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, फार तर तेवढे तास ते धरून ठेवू शकतं. खारीकचे झाले तीन तास, तेही गाढ झोपेत असली तर. जागी असताना, खेळताना, पाऊण तास म्हणजे पुष्कळ झाला. तो स्नायू आवळून धरायची ताकदच चार ते सहा महिन्यांच्या सुमाराला येते. तोवर तिला हट्टी म्हणण्यात काय अर्थ आहे?

खरी गोम वेगळीच आहे असं मला वाटतं. लॅब्रेडॉरच्या पिल्लाने हॉलमध्ये शू केली की ओहोळ टीपॉयखाली जातो, सगळं घर धावतं, दुसऱ्या दिवसापासून त्याला घड्याळ लावून खाली नेतात. खारीकची शू बशीएवढी. सोफ्यामागे केली तर वाळून जाईपर्यंत कुणाला पत्ता नाही. पाय इतके आखूड की उभी आहे की बसलीये हेच चटकन कळत नाही. मग लहान कुत्र्यांच्या बाबतीत होतं काय, तर टिश्यूने पुसलं आणि विषय संपला. शिकवायचं राहूनच जातं. वर्ष-दीड वर्षाने गादीला, गालिच्याला वास यायला लागला की मात्र एकदम सगळा राग त्या कुत्र्यावर निघतो. आमच्या ओळखीच्या एका घरातून चांगलं मोठं झालेलं पॉमेरियन याच कारणाने दुसरीकडे देऊन टाकलं. त्याला कुणी कधी काही शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात हे घर करून आहे.

बुधवार

आज घरातली सगळी पायपुसणी उचलली, हॉलमधली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली. लेक म्हणाली, घर ओकंबोकं दिसतंय. दिसू दे. पिल्लू जागा ओळखतं ती पायाखाली काय लागतं त्यावरून. मऊ, ओल शोषून घेणारं काही पायाला लागलं की त्याच्या लेखी ती शूची जागा. ही आवड साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत पक्की व्हायला लागते. ज्या पिल्लाला त्या वयात पिंजऱ्यात झोपायच्याच जागी शी-शू करावी लागली, त्याला पुढे शिकवणं फार जड जातं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईजवळ ते दिवस मिळाले की निजायची जागा आणि घाण करायची जागा वेगळी, एवढं तरी पिल्लू शिकून येतं. खारीक ते शिकून आलीये. आपल्या खोक्यात ती कधीच करत नाही, कुईकुई करून उठवते. बाकी सगळं आम्ही शिकवायचंय.

लसी पुऱ्या होईपर्यंत तिला खाली जमिनीवर सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि पिल्लाला तो झाला तर वाचवणं कठीण. त्यात ठाण्याचा पावसाळा. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र, म्हणजे लेप्टोची भीती माणसांना तशी कुत्र्यांनाही. म्हणून सध्या आमचं अंगण म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथे वर्तमानपत्रच पसरणार होतो, पण घरात वर्तमानपत्र खाली पडलेलं असतंच, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तर जमिनीवरच पसरून वाचतात. मग नर्सरीतून लॉनचा एक तुकडा आणला आणि रोपांच्या पसरट ट्रेमध्ये बसवला. उद्या ती खाली जाईल तेव्हा पायाखाली तेच गवत लागेल.

शनिवार

मी लॅपटॉपवर काम करते तेव्हा खारीकची पातळ दोरी माझ्या कमरेला बांधलेली असते. नजरेआड गेली की शू झालीच समजायचं. दोरीमुळे एक गोष्ट झाली, मला तिच्या खुणा वाचता यायला लागल्या. चेंडूशी खेळता खेळता ती मध्येच थांबते. चेंडू तसाच सोडते. नाक फरशीला चिकटवून ती एक रेघ ओढल्यासारखी पुढे जाते, वळते, परत त्याच जागी येते, शेपटी मुळाशी किंचित उचललेली. मग मागचे पाय जरा फाकतात. हे सगळं काही क्षणांत आटपतं. नाक खाली जाताच उचललं तर गवतापर्यंत पोचता येतं, पाय फाकल्यावर नाही. उचलून घेतलं की बहुतेक पिल्लं आपोआप आवरून धरतात, हे फार उपयोगी आहे.

झोपून उठली की लगेच, खाल्ल्यावर पाव ते अर्ध्या तासात, खेळ रंगात आला की मध्येच, आणि रात्री निजताना, या वेळा ठरलेल्या. जेवण दिवसातून चार वेळा, थोडं थोडं, आणि घड्याळाप्रमाणे. नवऱ्याने सुचवलं होतं, पाणी कमी द्यायचं का. अजिबात नाही. इतक्या लहान पिल्लाला तहानेलं ठेवलं तर अंगातलं पाणी कमी होईल, उपाशी ठेवलं तर साखर उतरून गळून जाईल. तिच्या खाण्यापिण्यात काटछाट करायची नाही, घरातल्या माणसांनी आपलं घड्याळ तिच्याशी जुळवायचं, हे मी सगळ्यांना सांगितलं.

सोमवार

घरकामाच्या मावशींशी आज फिनाइलवरून बराच वेळ बोलले. त्यांना वाटतं फिनाइलशिवाय फरशी स्वच्छ झाली असं म्हणताच येत नाही. पण खारीकचं पोट फरशीपासून दोन बोटं वर, ती पंजे चाटते, म्हणजे फिनाइल पोटात. आणि अमोनियाचा उग्र वास असलेली साफसफाईची औषधं तर उलटंच काम करतात, कुत्र्याच्या नाकाला ती शूसारखीच वाटतात. आपल्या नाकाला वास गेला म्हणजे तिच्या नाकाला गेला असं होत नाही. आता पद्धत अशी: आधी कोरडं फडकं दाबून धरायचं, घासायचं नाही, घासलं की पसरतं. मग पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं पाणी मारून तसंच थोडा वेळ ठेवायचं. ते संपलं असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या नातवाच्या वेळी गोधड्यांना आम्ही व्हिनेगर नव्हतं लावलं, नुसतं ऊन दाखवायचो." ऊन सगळ्यात उत्तम, पण ते आता ऑक्टोबरात.

आषाढी एकादशी

आईंनी खारीकला आणायला होकार दिला तो एका अटीवर, देवघराच्या बाजूला ती फिरकता कामा नये. तिथे लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक लावलंय. आपण होऊन त्या तिला हातही लावत नव्हत्या. पण त्या पहाटे उठतात, आणि पहाटेच खारीक कुईकुई करते. आज मी उठून पाहते तो बाल्कनीचं दार उघडं, आई ट्रेपाशी पाटावर बसलेल्या, खारीक गवतावर, आणि आई अगदी हळू आवाजात "शू… शू… शू…" करतायत. खारीकने केली. आईंनी लगेच तिच्यापुढे उकडलेल्या बटाट्याचा बारीकसा तुकडा धरला, उपासाला उकडले होते त्यातला. मला बघून म्हणाल्या, "अगं, तुझ्या नवऱ्यालाही असंच शिकवलंय. दूध पाजलं की मोरीवर धरायचं आणि आवाज करायचा."

पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, हे बाळाचं तसंच पिल्लाचं. आणि प्रत्येक वेळी करतानाच तोच आवाज कानावर पडला की पुढे नुसत्या आवाजानेही होते. पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर प्रयोग करून जे मांडलं ते हेच. आईंनी ते मोरीवर बसून केलेलं. आजपासून घरातल्या सगळ्यांनी हाच आवाज करायचा असं ठरलं, प्रत्येकाने वेगळं काही म्हणायचं नाही.

बक्षीस तिथेच, गवतावर, दोन-तीन सेकंदांत द्यायचं, हेही आईंनी न सांगता केलं. आत येऊन डबा उघडून दिलं तर आत धावत आल्याचं बक्षीस मिळालं असंच तिला वाटणार.

रविवार, रात्री

आज नवऱ्याचे काका आले. दारातच वाकून "अरे वा, हीच का ती!" म्हणाले आणि खारीक पोट जमिनीला टेकवून आडवी झाली, खाली चार थेंब. काका म्हणाले, "हिला नाक घासून दाखवा, एकदाच. जन्मभर विसरणार नाही." मी त्यांना बसवून चहा दिला आणि शांतपणे सांगितलं की आमच्या घरात हे होणार नाही.

वरून कुणी मोठं माणूस वाकलं की पिल्लू असे थेंब टाकतं. "मी लहान आहे, मला काही करू नका" एवढंच ते सांगत असतं. त्यावर रागावलं तर ते आणखी टाकेल. पाहुण्यांनी आल्यावर थोडा वेळ तिच्याकडे पाहायचंच नाही, मग खाली बसून हात पुढे करायचा. वाढत्या वयात हे बहुतेकांचं आपोआप जातं.

नाक घासल्याने पिल्लू शिकतं ते एवढंच की माणसांसमोर करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करतं, आणि गवतावर नेलं तरी आपण शेजारी उभे असलो की करत नाही. "पण त्याला कळतं हो, बघा कसं मान खाली घालतं" असंही काका म्हणाले. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासून पाहिलं होतं. कुत्र्याने काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की ते अपराधी चेहरा करतं. तो चेहरा आपल्या आवाजाला दिलेलं उत्तर असतो. हे मला फार लागलं होतं वाचताना. किती कुत्र्यांनी न समजलेल्या गोष्टीसाठी मान खाली घातली असेल.

श्रावण

शेवटची लस झाली, त्यानंतर थांबायचे वरचे दिवसही गेले. आता खाली जातो. चौथ्या मजल्यावरून जिन्याने नाही, डॅशहाऊंडच्या लांब पाठीला पायऱ्या वाईट, मणके दुखावतात. लिफ्टची वाट पाहत तिला छातीशी धरून उभी असते. सोसायटीत एकाने लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हणून कुरकुर केली होती, पण लिफ्ट नाकारता येत नाही, ते भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय. सेक्रेटरींना दाखवलं, विषय मिटला.

खरा अडथळा ओलं गवत. लॅब्रेडॉरचे पंजे ओले होतात, खारीकचं पोट भिजतं. पहिल्यांदा तिने अंग आखडून घेतलं आणि माझ्या चपलेवर चढून उभी राहिली. पंपरूमला छप्पर आहे, त्याच्या पागोळीच्या आतली कोरडी पट्टी आम्ही शोधली, ट्रेमधल्या लॉनचा छोटा तुकडा तिथे नेऊन ठेवला. त्यावर तिचाच वास. एक फेरी मारली, आईंचा आवाज मी केला, आणि झालं! लेक टाळ्या वाजवायला लागली, तिला थांबवलं, मध्येच दचकली तर अर्धी राहील आणि उरलेली लिफ्टमध्ये.

झाली की लगेच वर पळायचं नाही, हाही नियम केलाय. शू केली की फिरणं संपतं असं कुत्र्याच्या डोक्यात बसलं तर ते धरून ठेवायला लागतं. पाऊस असला तरी छत्रीत थोडं रेंगाळतो, तिला एखादी गोगलगाय हुंगू देतो.

ऑगस्ट अखेर

हॉलमध्ये आता होत नाही. स्वयंपाकघरातही नाही. काल लेकीच्या खोलीचं दार पहिल्यांदा दिवसभर उघडं राहिलं, तर तिथे कोपऱ्यात. नवऱ्याला वाटलं सगळं मुसळ केरात. तसं नाही. हॉल म्हणजे घर हे तिला कळलंय, ही खोलीही घरच आहे हे अजून कळायचंय. कुत्री एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप लावत नाहीत. त्या खोलीत आता तिचं जेवण ठेवते, दोरी बांधून तिथेच खेळते. खातो-निजतो तिथे घाण करायची नाही हे ती आईजवळून शिकून आलीये, त्याचाच आधार. शू थोडी थोडी आणि सारखी होतेय का यावरही लक्ष ठेवलं, मादी पिल्लांना मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. तसं काही नाही.

गणपतीला कोकणात जायचंय. तिथलं घर तिने पाहिलेलं नाही. सारवलेली जमीन, मऊ, ओल पिणारी, तिच्या पायांना ती शूची जागा वाटणार हे नक्की. म्हणून पोचल्याबरोबर आधी मागच्या परसात नेणार, तिथे झाल्यावरच उंबरा ओलांडायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून दोरी कमरेला. गाडी वाटेत दर दोन तासांनी थांबवायची, ढाब्यांपासून लांब, जिथे भटकी कुत्री कमी. आईंनी पाट सोबत घ्यायला सांगितलाय, पहाटे परसात बसायला. ट्रेमधल्या लॉनची एक पट्टी कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीये. जावेला उद्या फोन करून सांगायचंय की ओटीवर नव्या चटया एवढ्यात घालू नका.